आत गेलेला माणूस

1983 साली मी आठ वर्षांची होते. लालबागच्या आमच्या चाळीत तेव्हा एक वाक्य दबक्या आवाजात फिरत होतं : "त्यांचा धाकटा आत गेला." मला वाटलं, माझ्या काकांना, नानांना पकडून नेलं. पण नाना तर रोज संध्याकाळी घरी येत होते. मागच्या जिन्याने येत, डबा मोरीत ठेवत आणि भिंतीकडे तोंड करून झोपत. 'आत' म्हणजे तुरुंगात नव्हे, संप चालू असताना कामासाठी गिरणीच्या गेटच्या आत, हे मला पुढे कितीतरी दिवसांनी कळलं. तोवर बरोबरीच्या पोरांनी मला लंगडीत घेणं बंद केलं होतं.

बेचाळीस वर्षांची होईपर्यंत मी या गोष्टीबद्दल कुणाशी बोलले नाही. एका पतसंस्थेत नोकरी, डोंबिवलीचा संसार, लोकलची धावपळ. मुलगी कॉलेजला गेली तेव्हा मी बाहेरून बी.ए.चे राहिलेले विषय सोडवले आणि मग एम.ए.ला समाजशास्त्र घेतलं. शेवटच्या वर्षाला प्रकल्प होता. मार्गदर्शक मॅडमनी विषय विचारला तेव्हा तोंडातून आपोआप आलं : गिरणी संप आणि संपफोडे.

त्या म्हणाल्या, "आधी सिनॉप्सिस, म्हणजे आराखडा, लिहून आणा. मग बोलू."

मी मोठ्या उत्साहाने प्रश्नावली करून नेली. वीस प्रश्न होते. सातवा असा होता : 'संप फोडणाऱ्यांविषयी तुमचे काय मत आहे?' मॅडमनी पेन्सिलीने त्याच प्रश्नाभोवती गोल केला. म्हणाल्या, "निकाल आधीच दिलात की. आता मुलाखत कशाला घेता?" बराच वेळ मी त्या गोलाकडे बघत राहिले. माझ्या सख्ख्या काकांना मी त्यात कोंबलं होतं, आणि लिहिताना मला ते जाणवलंही नव्हतं.

समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर मी परीक्षेपुरता वाचला होता. 1963 सालचं त्याचं म्हणणं : विचलन, म्हणजे समाजाच्या नियमाबाहेरचं वागणं, हे त्या कृतीत नसतं, लोक नियम करतात, तो कुणाला तरी लावतात आणि त्या माणसावर शिक्का मारतात, त्यातून विचलन तयार होतं. उत्तरपत्रिकेत हे मी तीन वेळा लिहिलं असेल. पण शिक्का मारणारा हात कसा असतो ते मला सातव्या प्रश्नात माझ्याच अक्षरात दिसलं. नवी प्रश्नावली केलीच नाही. एका वहीत फक्त चार विषय लिहिले : संपाआधीचं काम, संपातलं घर, शेजार, आणि नंतर.

ज्यांना त्या काळाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. 18 जानेवारी 1982ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्या बंद झाल्या. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ हवी होती, बदली कामगारांना, म्हणजे कायम माणूस गैरहजर असला की त्याच्या जागी घेतल्या जाणाऱ्यांना, कायम करायला हवं होतं. आणि आणखी एक मागणी होती जिच्याकडे आज कुणाचं फार लक्ष जात नाही : 1946चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा बदला. या कायद्याने एका भागातल्या एका उद्योगात एकच प्रातिनिधिक संघटना मालकांशी वाटाघाट करू शकत होती, आणि ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगारांनी ज्याला नेता मानलं त्याला वाटाघाटीच्या टेबलावर खुर्चीच नव्हती. संप बेकायदा ठरला. तो रीतसर मागे घेतल्याचं कधी कुणी जाहीर केलं नाही. तो विरत गेला.

संघर्षावर लिहिणारा समाजशास्त्रज्ञ राल्फ डारेनडॉर्फ वाचताना मी या मागणीपाशी थांबले. त्याच्या मते संघर्षाचं मूळ केवळ मालमत्तेत नसतं, हुकूम कोण सोडतो आणि पाळतो कोण यात असतं. आणि संघर्षाला मान्यता मिळाली, दोन्ही बाजू संघटित झाल्या, भांडायचे नियम ठरले, की त्यातली हिंसा कमी होते. माझ्या वडिलांना, अण्णांना हे वाक्य मराठीत वाचून दाखवायला हवं होतं. ते दोन हजार नऊ साली गेले.

अण्णा आणि नाना सख्खे भाऊ, सातारा जिल्ह्यातून आलेले. दोघेही एकाच गिरणीत, साळखात्यात म्हणजे विणकामाच्या खात्यात, साच्यावर म्हणजे मागावर. अण्णा संपाच्या बाजूने ठाम. चाळीत धान्यवाटपाची यादी त्यांच्याकडे असे. आणि नाना चौदा महिन्यांनी आत गेले. एकाच दहा बाय बाराच्या खोलीत संप आणि संपफोड्या एकत्र राहत होते.

मुलाखतींची सुरुवात वाईट झाली. रविवारी सकाळी मी वही आणि मोबाइल घेऊन चाळीत गेले. जुनी माणसं मला ओळखत होती, आणि तीच अडचण होती. पहिले दोघे मला माझ्याच वडिलांच्या गोष्टी सांगत बसले. अण्णा कसे वाघासारखे गेटवर उभे राहत, कसे शब्दाला पक्के होते. नानांबद्दल विचारलं की, "जाऊ दे गं, झालं गेलं." परतीच्या गाडीत मी रेकॉर्डिंग ऐकलं तर त्यात निम्म्या वेळ मीच बोलत होते. मॅडमनी एकच सूचना दिली : प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा. हे मला सगळ्यात कठीण गेलं. पण सातव्या-आठव्या आकड्याला लोक बोलायला लागतात, हे खरं आहे.

उत्तरदाता क्रमांक 3 तेव्हा चाळीच्या गणपतीचे खजिनदार होते. वय ऐंशीच्या पुढे, पहिल्या मजल्यावर राहतात. त्यांनी मला सांगितलं की 1983च्या गणपतीत नानांनी दिलेली वर्गणी मंडळाने परत केली. "अकरा रुपये होते. मीच नेऊन दिले. दारात उभा होता तुझा काका. हात पुढे केला नाही, म्हणून उंबऱ्यावर ठेवले." मी मनात दहा मोजले. ते पुढे म्हणाले, "मारलं असतं तर बरं झालं असतं त्याच्यासाठी." मग चहा आला आणि ते गप्प झाले.

गावाकडे वाळीत टाकत, तसंच हे. फक्त इथे पंचायत नव्हती, मंडळ होतं. समाजशास्त्रज्ञ लुईस कोझरच्या 1956च्या पुस्तकात, त्याच्या आधीच्या जॉर्ज जिमेल या समाजशास्त्रज्ञाच्या विचारांवरून त्याने मांडलंय की नातं जितकं जवळचं, तितका संघर्ष तीव्र. गटाचा राग शत्रूवर असतो, पण गट सोडून पलीकडे गेलेल्या आपल्याच माणसावर तो कितीतरी जास्त असतो, कारण त्याच्या जाण्याने गटाची एकीच पोकळ ठरते. गिरणीमालकाला चाळीतल्या कुणी पाहिलं नव्हतं. नाना मात्र रोज नळावर दिसत होते. एडविन लेमर्टने याच्या पुढची पायरी सांगितली आहे : शिक्का बसला की माणूस हळूहळू त्या शिक्क्याच्याच भोवती आपलं आयुष्य रचतो. पुढच्या वर्षी नानांनी वर्गणी दिलीच नाही. मग आरतीला येणं बंद केलं. मग 1985मध्ये खोली सोडून नालासोपाऱ्याला गेले. चाळीने म्हटलं, बघा, होताच तसा.

मी सुरुवातीला रॉबर्ट मर्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञावर सगळी भिस्त ठेवली होती. 1938चा तो गाजलेला लेख, त्यातला पाच खान्यांचा तक्ता. समाज सगळ्यांना एकच ध्येय दाखवतो पण तिथे पोचायच्या वाटा सगळ्यांना देत नाही. मग कुणी निमूट चाकोरीतून जातो, कुणी आडवाट काढतो, कुणी ध्येय विसरून नुसता नियम पाळत बसतो, कुणी सगळंच सोडतो, कुणी बंड करतो. संपानंतरच्या गिरणगावाला हा तक्ता अगदी चपखल बसेल असं वाटायचं. पोरं टोळ्यांत गेली ती आडवाटेवाली, दारूच्या गुत्त्यात बसलेले सगळं सोडलेले, आणि सामंतांच्या सभेला जाणारे बंडखोर. मी रंगीत पेन्सिलींनी कागदावर माणसं वाटून टाकली.

नाना कुठे बसेनात. सरकारच्या नजरेतून बघितलं तर ते पहिल्या खान्यात : बेकायदा संप सोडून कामावर हजर झालेला कायदेशीर कामगार. अण्णा विचलित. चाळीतून बघितलं की नेमकं उलटं. मर्टनचा तक्ता नियम एकच आहे असं धरून चालतो. जिथे दोन नियम एकमेकांच्या उरावर बसलेत तिथे तो उपयोगी पडत नाही, असं माझं मत झालं आणि प्रकल्पात मी ते तसंच लिहिलं.

'एकी' या शब्दालाही मला नीट बघावं लागलं, ते उत्तरदाता क्रमांक 6मुळे. ते नायगावच्या बीडीडी चाळीतले, त्यांच्या तीन पिढ्या गिरणीत. माझं सगळं ऐकून घेऊन ते शांतपणे म्हणाले, "तुमच्या काकाला संपात वाळीत टाकलं. माझ्या आजोबांना साळखात्यात पाऊलच टाकू दिलं नव्हतं, ते कुठल्या संपात?" मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातल्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आम्ही लावणार नाही, म्हणून सवर्ण विणकरांनी त्यांना त्या खात्याबाहेर ठेवलं होतं, आणि चांगली मजुरी त्याच खात्यात होती. 1928च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. जात ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांनी 1936 साली लिहिलं. मी ते वाचलेलं होतं. पण माझे अण्णा आणि नाना ज्या साळखात्याचा अभिमान सांगत, ते खातं याच भिंतीआड होतं, हा विचार मी तोवर केला नव्हता. मार्क्सचा 'कामगार वर्ग' माझ्या प्रकरणात पहिल्या मसुद्यात एकसंध होता. दुसऱ्यात तो तसा राहिला नाही.

इथेच एक सांगायला हवं. विचलनाचा अभ्यास करताना आपण व्यक्तींवर इतके रेंगाळतो की कायदा कसा माणसांचे कळप करून शिक्का मारतो ते मागे पडतं. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. सोलापूरला तारेच्या कुंपणात त्यांची सक्तीची वसाहत, सेटलमेंट होती. 31 ऑगस्ट 1952ला ते लोक विमुक्त झाले, पण चोरी झाली की पोलीस आधी त्यांच्याच वस्तीवर जात राहिले. कागदावरचा शिक्का पुसला तरी माणसांच्या डोळ्यांतला राहतो. हे मला अभ्यासक्रमातल्या कुठल्याही अमेरिकन उदाहरणापेक्षा जास्त जवळचं वाटतं आणि ते शिकवताना पहिल्या तासाला यावं असं मला वाटतं.

नाना मुलाखतीला तयार नव्हते. मी तीन वेळा नालासोपाऱ्याला गेले. पहिल्यांदा काकूने पोहे दिले आणि नाना बाजारात निघून गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, "तुला कारण पाहिजे ना? कारण सांगितलं की माफी मागितल्यासारखं होतं." तिसऱ्यांदा मी वही काढलीच नाही. त्यांनीच विषय काढला, पण तो वेगळाच. आत काम कसं होतं, ते सांगायला लागले. अर्धं खातं रिकामं. शेजारच्या साच्यावर नवीन भरती झालेला पोरगा, ज्याला तुटलेला ताणा जोडता येत नव्हता. एरवी साळखात्यात इतका आवाज असे की माणसं ओठांवरून बोलणं ओळखत. आता मोजकेच साचे चालू, त्यामुळे शब्द ऐकू येत होते आणि बोलायला ओळखीचं कुणी नव्हतं. "बाहेर सगळे म्हणायचे आत गेला, आत गेला. आत कोण होतं?" एवढं बोलून ते उठले.

कारण मला आईने सांगितलं. तिची मुलाखत मी धरलीच नव्हती. ती गिरणीत नव्हती, म्हणून यादीत नव्हती. तिच्यासमोर बसून मी नानांचं रेकॉर्डिंग उतरवून घेत होते. ती तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "ह्यांनीच पाठवलं त्याला."

मी दहा मोजले नाहीत. मोजायचं भानच नव्हतं.

"दोघं भाऊ रातभर गॅलरीत बसलं हुतं. घरात दाणा नव्हता. गावाकडंबी काय नव्हतं. पाटेला ह्यांनी सांगितलं, एकानं भाईर ऱ्हायाचं, एकानं आत जायाचं. यादी माझ्याकडं हाय, मला जाता येत न्हाई. तू जा."

"मग अण्णांनी चाळीत सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर भाईर ऱ्हाण्याला काय अर्थ?"

वर्गणी परत करायचं ठरलं त्या बैठकीला अण्णा हजर होते. आई म्हणाली, ते त्या रात्री जेवले नाहीत. माझी शाळेची फी, धाकट्या भावाचं दूध, अण्णांचा गेटवर जायचा चहा, सगळं नानांच्या पगारातून. संप पाळणारा माणूस संप मोडणाऱ्याच्या पैशावर उभा होता, आणि मोडणाऱ्याने ते चाळीपासून लपवलं म्हणून पाळणाऱ्याची मान ताठ राहिली.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खाइमने 1895मध्ये लिहिलंय की गुन्हा हा समाजाचा रोग नाही, तो समाजाच्या नेहमीच्या प्रकृतीचा भाग आहे. गुन्हेगाराला शिक्षा करताना बाकीचे आपला नियम पुन्हा एकदा घट्ट करतात. चाळीने नानांना बाहेर काढून स्वतःची एकी टिकवली, इथवर दुर्खाइम माझ्याबरोबर येतो. पण नियम पाळणाऱ्याच्या ताटातला भात नियम मोडणारा पुरवत होता, हे मला कुठल्याच पुस्तकात असं मांडलेलं सापडलं नाही. या सगळ्या सिद्धांतांत माणूस एकटा येतो, नाहीतर गटाचा म्हणून येतो. घर येत नाही. घर दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभं राहतं, कारण त्याला रोज संध्याकाळी चूल पेटवायची असते. मी मग परत जाऊन आधीच्या लोकांना त्यांच्या घरांबद्दल विचारलं. आणखी दोन घरांत असंच निघालं. दोन्ही ठिकाणी ते बाईने सांगितलं.

नंतरचं थोडक्यात. गिरण्या तरीही गेल्या. कापड भिवंडी-मालेगाव-इचलकरंजीच्या मागांवर विणलं जाऊ लागलं, आणि 2001च्या बदललेल्या नियमानंतर गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. नानांनी पुढे अशाच एका टॉवरच्या गेटवर रखवालदारी केली. म्हाडाच्या घरासाठी दोघा भावांच्या नावाने अर्ज भरले होते. 1 जानेवारी 1982ला कामावर असल्याचा पुरावा मागितला होता; त्यानंतर कोण बाहेर राहिलं आणि कोण आत गेलं, याचा रकाना त्या अर्जात नव्हता. 2012च्या सोडतीत आमच्या घरात कुणाचं नाव आलं नाही. समाजशास्त्रज्ञ ऑगबर्न म्हणतो की वस्तू आणि यंत्रं भराभर बदलतात, रीतीभाती आणि मनं मागून येतात. गिरणी गेली, साचे भंगारात गेले, भोंगा थांबला. 'संपफोड्या' हा शब्द चाळीत अजून वापरात आहे.

प्रकल्प लिहून झाल्यावर नियमाप्रमाणे मी प्रत्येकाला त्याचं बोलणं वाचून दाखवलं. नानांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "अण्णाचं ते काढ." मी समजावलं की नावं नाहीत, फक्त क्रमांक आहेत. ते म्हणाले, "चाळीत क्रमांकावरून माणूस ओळखतात." मी ते पान काढलं. काढल्यावर प्रकल्पात फारसं काही उरलं नव्हतं, पण तोंडी परीक्षेत मी त्याच पानाशिवाय बोलले आणि पास झाले. ते पान टेबलाच्या खणात राहिलं.

यंदा गणपतीत आई माझ्याकडे होती. तिने स्वतः नानांना फोन लावायला सांगितला. स्पीकरवर बोलणं झालं.

"भावजी, पोरगीला लिहू द्या. चाळीस वर्सं गप बसलो. माझ्याच्यानं आता हुईना."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग नाना मला म्हणाले, "चाळीचं नाव घालू नको. गिरणीचं नको." मी हो म्हटलं. "आणि तू किती जणांना भेटलीस?"

"चौदा."

"सगळे मला तोच शब्द म्हणाले असतील."

मी वही काढून बघितली. "एक सोडून. खजिनदार होते ते. ते सारखं 'तुझा काका' म्हणत होते."

टीव्हीचा आवाज कमी केल्याचं ऐकू आलं.

"अजून तिथंच राहतो का तो? पहिल्या मजल्यावर?"

"हो."

"सकाळी असतो का घरी?"